तिकडच्या स्टोअरवर चालेल का?

झुवारा, गुरुवार, ४ ऑगस्ट

लसआद भावा,

सलाम. पाकीट बघून आधी पोट धरून हसून घे, मग वाच. हो, वजदीनेच लिहिलंय, सहावीत तीनदा बसलेल्या वजदीने. काय करणार? फोन केला की आई स्पीकर लावते आणि स्पीकर लागला की अख्खी गल्ली माझी चौकशी करते. जेवलास का, झोपलास का, बारीक झालास का. एक शब्द माझा म्हणून बोलता येत नाही. अम्म मख्लूफकाकाची गाडी सोमवारी जर्जीसहून सरहद्द ओलांडून इकडे लिबियात येते, गुरुवारी परत जाते. डिकीत ऑलिव्हच्या तेलाचे डबे असतात, त्यात एक पाकीट त्याला जड नाही.

मी बरा आहे. बर्फाच्या कारखान्यात उन्हाळा लागत नाही, एवढं एक सुख. सकाळी होड्या लागतात, आम्ही आकड्याने लाद्या ओढतो, फोडतो, खोक्यात भरतो. बोटं संध्याकाळपर्यंत आपली वाटत नाहीत. माझ्याबरोबर अब्बकर आहे, सुदानमधल्या दारफूरचा. बोलतो कमी, हसतो जास्त. मी दिवसभर बडबडतो आणि तो म्हणतो, "तुझ्या तोंडाने बर्फ वितळतो."

आता कामाचं. तुझ्या दुकानातून घेतलेले माझे एक्केचाळीस गेम आहेत ना? आपला ट्युनिशियाचा दिनार सरहद्दीबाहेर कोणी हातात धरत नाही, म्हणून तू तुझ्या फ्रान्सच्या, ल्योंच्या मेव्हण्याच्या कार्डावर घेऊन दिलेले. ते सगळे कॉम्प्युटरच्या स्टोअरवर आहेत. अब्बकरच्या मामाकडे कन्सोल आहे. त्याचं स्टोअर वेगळं. मी त्या कन्सोलसमोर बसलो, माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, तर माझे एक्केचाळीस तिथे येतील का? की परत पहिल्यापासून?

नीट सांग. घाईत 'नाही रे बाबा' म्हणू नकोस.

आईला सांग, शपथ लक्षात आहे. समुद्राकडे पाठ करून लाद्या फोडतो.

तुझा वजदी


जर्जीस, रविवार, ७ ऑगस्ट

वजदी,

हसलो. दोनदा हसलो. मग काउंटरवर ठेवून तिसऱ्यांदा वाचलं, कारण 'कन्सोल' हा शब्द तू दोनदा आणि दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलायस.

नाही रे बाबा.

आता नीट सांगतो. समज, तू आपल्या बाजारातल्या हमामचा महिन्याचा पास काढलास. तो घेऊन मिदूनच्या हमामात गेलास तर दारावरचा माणूस तुला टॉवेल देईल का? तसंच आहे. एका स्टोअरवर घेतलेला गेम त्याच स्टोअरच्या छपराखाली चालतो. तोच गेम, तेच नाव, तेच चित्र, पण दुसऱ्या स्टोअरला तू परका. आणि खरं सांगू? ते एक्केचाळीस तुझेही नाहीत. तुझ्या नावाने खेळायची परवानगी घेतलीय आपण, बस. कोणाला देता येत नाहीत, विकता येत नाहीत, मेल्यावर मागे ठेवता येत नाहीत. गिऱ्हाइकांना मी हे सांगत नाही, धंदा बसेल. तुला सांगतो.

एकच सोडून. तुझा तो फुटबॉलचा गेम. तो दोन्ही स्टोअरवर फुकट उतरतो, आणि त्यात तू जे घेतलंस, ती टीम, ते खेळाडू, ते बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या अकाउंटवर असतं. त्या अकाउंटला दुसरं स्टोअर लिंक केलं की कुठेही बस, तुझी टीम तुझ्या मागून येते. दोस्तांची यादीसुद्धा. मी इथे माझ्या कॉम्प्युटरवर आणि तू तिथे कन्सोलवर, तरी तुझं नाव माझ्या यादीत हिरवं होणार. तुला खरंच हवं असेल तर सांग, लिंक करतो. अकाउंट दुकानाच्या मेलवर आहे, त्यामुळे ते मलाच करावं लागेल.

मावशी काल आपल्या लेकाची खबर घ्यायला आली होती. काउंटरपाशी उभी राहिली, बसली नाही.

"काय लिहितो?"

"गेमचं विचारतो."

"अजून?"

"अजून."

"चांगलं आहे," म्हणाली. "गेमचं विचारतो म्हणजे लहानच आहे."

तुझ्या थोरल्या भावाला, नादिरला, जाऊन या महिन्यात चार वर्षं झाली. इटलीच्या होडीत बसला तेव्हा तो तुझ्याएवढाच होता. अजूनही बंदरावर कोणी काही सापडलं म्हणालं की ती चपला न घालता निघते. हे तुला सांगायची गरज नाही. तरी सांगतो, कारण तुला झुवाऱ्याला पाठवू नको म्हणत होती आणि 'मी हमी घेतो' असं मी म्हणालो होतो.

अब्बकरचा मामा राहतो कुठे?

लसआद


झुवारा, गुरुवार, १८ ऑगस्ट

लसआद भावा,

मागच्या खेपेला लिहिलं नाही, होड्या फार होत्या. रागावू नकोस.

तुझं हमामचं मी अब्बकरला वाचून दाखवलं. त्याने हातातला आकडा खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे इथे तीन वर्षं घासलेलं तिथे धरत नाहीत?" मी म्हणालो, "नाही धरत." तो म्हणाला, "मग हे स्टोअर नाही, सरकार आहे." त्याला एवढं लांब बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

फुटबॉलचं लिंक कर. लगेच कर. चाळीस गेले तरी चालतील, एक टीम येते ना बरोबर, पुष्कळ झालं.

अजून एक विचारतो. अकाउंटमध्ये देश लिहिलेला असतो. माणसाचा देश बदलला तर काय होतं? म्हणजे मी सहज विचारतो. इथे एकाने विचारलं. आधीचं राहतं की पुसून टाकतात?

आणि नव्या जागेवरून पहिल्यांदा उघडलं तर काही अडवाअडवी?

अम्म मख्लूफकडे माझा कॉम्प्युटर दिलाय. खोक्यावर 'काच' लिहिलंय, तरी तो त्यावर कांदे ठेवणार, मला माहीत आहे. इथे खारी हवा आहे, आतून गंजतोय. तुझ्या दुकानात ठेव. कोणाला वापरायला दिलास तरी चालेल.

आईने बसीसा पाठवली होती, ती पोचली. पीठ आणि तेल, एवढंच असतं त्यात, पण डबा उघडला की घर उघडतं. तिला सांग अजून थोडी पाठव. जास्तच पाठव. टिकते ती.

मामा त्रिपोलीत राहतो.

वजदी


जर्जीस, रविवार, २१ ऑगस्ट

वजदी,

कॉम्प्युटर आला. कांदे नव्हते, खोक्यावर अम्म मख्लूफ स्वतः बसला होता म्हणे, सीट मोडलीय.

उघडून बघितला. कुठे गंज नाही. धूळसुद्धा नाही. पुसून, तारा गुंडाळून, प्रत्येक तारेला दोरा बांधून पाठवलायस. तू? शाळेचं दप्तर पायाने ढकलत नेणारा तू?

लिंक केलं. तुझी टीम आता दोन्हीकडे उभी आहे. देश बदलला तर गेम बहुतेक राहतात, पण स्टोअर नव्या देशाचं कार्ड मागतं, नव्या देशाचा पत्ता मागतं. तोंडी सांगून भागत नाही. नव्या जागेवरून उघडलं तर दुकानाच्या मेलवर विचारणा येते, 'हे तुम्हीच का?' मी हो दाबलं की झालं. हे झालं तुझ्या प्रश्नांचं.

आता माझे. झुवाऱ्याहून त्रिपोलीला जाताना देश बदलतो का रे? बसीसा जास्त कशाला हवी? बर्फाच्या कारखान्यात भूक वाढते? आणि अब्बकर कोण आहे नक्की? तो हसतो जास्त, हे कळलं. कशाला हसतो?

मी मूर्ख नाही. दुकानात रोज आठ पोरं रांगेने बसतात, त्यातलं कोण कधी गप्प झालं आणि कोणी कधी आपला हेडफोन दुसऱ्याला देऊन टाकला, हे बघून मला कळतं कोणाची खुर्ची पुढच्या आठवड्यात रिकामी असेल. तारांना दोरे बांधणारे मी पाहिलेत.

मावशीला काही बोललो नाही. बसीसा भाजतेय. वास पार दुकानापर्यंत येतोय.

सरळ उत्तर दे.

लसआद


झुवारा, गुरुवार, १ सप्टेंबर

अरे बाबा, तू दुकानदार आहेस की पोलीस?

सरळ उत्तर: नाही. आलं का सरळ? ईदला दोन दिवस सुट्टी मिळाली तेव्हा मी काय केलं होतं? झोपलो होतो. मला कुठे जायचंय? चालायचासुद्धा कंटाळा येतो मला, तुला माहीत आहे. आई मला पाव आणायला पाठवायची तर मी तुला पाठवायचो.

कॉम्प्युटर पुसला तर गुन्हा, नसता पुसला तर 'घाणेरडा'. माणसाने करायचं काय?

अब्बकर चांगला माणूस आहे. परवा माझ्या पायावर लादी पडणार होती, त्याने हात घातला. त्याचं नख गेलं. ओरडला नाही, 'तुझा पाय माझ्या नखापेक्षा महाग' म्हणाला. अशा माणसाबद्दल वाईट लिहू नकोस.

टीम बघितली, इथल्या कॅफेत बसून. सगळे जागच्या जागी आहेत. तुझे उपकार. लहानपणापासूनचे धरले तर फेडायला मला दोन जन्म लागतील, म्हणून मी मोजत नाही.

मी तुला कधी काही वाईट बोललो असेन तर मनात ठेवू नकोस. त्या सायकलचंसुद्धा. ती मीच मोडली होती, नादिरने नाही.

आईच्या गुडघ्याला ते लाल डब्यातलं मलम चोळतोस ना?

वजदी


जर्जीस, शनिवार, १० सप्टेंबर

वजदी,

मागच्या सोमवारी लिहायला झालं नाही. शाळा सुरू व्हायच्या होत्या, पोरांनी दुकान डोक्यावर घेतलं होतं. चुकलं माझं.

काल जुम्म्याला तू मावशीला फोन केलास. ती लगेच माझ्याकडे आली. या वेळी बसली.

"माफ कर म्हणाला मला."

"कशाबद्दल?"

"तेच विचारलं. म्हणाला, असंच, सगळ्याबद्दल. लसआद, हजला निघालेला माणूस असं म्हणतो. दवाखान्यात आत नेताना माणूस असं म्हणतो. बर्फाच्या कारखान्यातून कोण असं म्हणतं?"

मी खिशावर हात ठेवला. सायकलची माफी त्यात होती.

त्यानंतर तुझा फोन लागत नाही. म्हणून मी एक काम केलंय. आज सकाळी तुझ्या अकाउंटचा पासवर्ड बदलला. दोन्ही स्टोअरचा, फुटबॉलच्या कंपनीचासुद्धा. आता तुझे एक्केचाळीस गेम आणि तुझी ती लाडकी टीम माझ्याकडे ओलीस आहेत. तुला हवेत? गुरुवारी अम्म मख्लूफच्या गाडीत बस आणि ये. नवा पासवर्ड मी तुझ्या कानात सांगेन, आणि मग कानाखाली वाजवीन.

तुला राग येईल. येऊ दे. रागाने तरी ये. मला तुझ्याबद्दल एवढं माहीत आहे की घर सोडशील, आईला सोडशील, पण पाच वर्षं जमवलेली टीम सोडून तू झोपणार नाहीस.

लसआद

*

बुधवार, १४ सप्टेंबर

हे अजून काउंटरवरच आहे. सरहद्द गुरुवारपासून बंद आहे, मला सोमवारी कळलं; कोणी म्हणतं गोळीबार, कोणी म्हणतं नुसता संप. अम्म मख्लूफ पलीकडेच अडकलाय, सोमवारची खेप झाली नाही. म्हणून आहे त्याच कागदावर लिहितो.

आज दुपारी दुकान भरलेलं असताना मेल वाजला. तुझ्या अकाउंटवर तीनदा चुकीचा पासवर्ड, मग नवीन पासवर्डची मागणी, आणि खाली विचारणा: हे तुम्हीच का?

एवढं बरं वाटलं! पाच दिवस फोन बंद ठेवून कुठेतरी रुसून बसला होतास, आणि शेवटी कुठे सापडलास? अकाउंटच्या दारात. मी सांगितलं नव्हतं?

'नाही' दाबलं. आठही पोरांच्या समोर, मोठ्याने हसून दाबलं. मावशीकडे जाऊन सांगून आलो, काळजी करू नको, आहे तो झुवाऱ्यातच, माझ्यावर चिडलाय. ती आज चार दिवसांनी जेवली.

ये आता.


झुवारा, गुरुवार, ८ सप्टेंबर

लसआद भावा,

हे वाचशील तेव्हा मी निघालेलो असेन. शिव्या देऊन घे. मी थांबतो.

झालं? ऐक.

तुला खोटं बोललो. मामा त्रिपोलीत नाही, ट्रापानीत आहे, पाण्याच्या पलीकडे, इटलीत. अब्बकर आणि मी एकाच होडीत आहोत. वारा पडला की निघायचं, शनिवारी नाहीतर रविवारी. मी शपथ मोडतोय हे मला माहीत आहे. का, ते मला नीट लिहिता येत नाही. मी दिवसभर दुसऱ्यांच्या होड्यांत बर्फ भरतो आणि त्या जातात. एवढंच.

पण नादिरने केलं ते मी आईला करणार नाही. तो गेला हे नव्हे, त्याचं काय झालं ते कळलं नाही, हे तिला खातंय. चार वर्षं तिने ना रडून संपवलं, ना वाट बघणं सोडलं. म्हणून मी तुला त्या स्टोअरचं विचारत होतो, भावा. गेमसाठी नाही.

होडीत चढायच्या आधी फोन काढून घेतात. नंबर मला एकही पाठ नाही, माझा स्वतःचासुद्धा नाही. फेसबुक फोनवर कोड मागतं. मला जगात दोनच गोष्टी पाठ आहेत, कुराणातली फातिहा आणि माझं अकाउंट. नाव आणि पासवर्ड, दोन्ही अब्बकरकडूनसुद्धा पाठ करून घेतलेत. लादी ओढताना आठवडाभर म्हणायला लावलं. आता तो झोपेतही म्हणेल.

ठरलंय ते असं. मामाच्या घरी कन्सोल आहे. आमच्यातला जो पोचेल तो तिथे बसून फुटबॉलचं माझं अकाउंट उघडेल. तुझ्या मेलवर विचारणा येईल, तू हो दाब. मग यादीत माझं नाव हिरवं होईल. मी असेन तर लगेच मॅच सुरू करीन, नावाखाली 'मैदानात' असं दिसेल. अब्बकरला खेळता येत नाही, तो शिकायलाही तयार नाही. नाव नुसतं हिरवं राहिलं, खाली काही आलं नाही, तर तो मी नाही. तो तुला दोन ओळी लिहील. त्या ओळी आईला तू सांग, दुसऱ्या कोणी नाही.

दहा दिवस बघ. मी रोज विचार करतो, काय चुकू शकेल? मामाचं नेट बंद असेल, वीज नसेल. बाकी सगळं तू लिंक करून ठेवलंयस. तुझ्यावर सोडलं की माझं डोकं शांत होतं. लहानपणापासून तसंच आहे.

बसीसा पुरेल.

वजदी


जर्जीस, गुरुवार, २२ सप्टेंबर

वजदी,

कुठे पाठवायचं माहीत नाही, तरी लिहितो.

सरहद्द काल उघडली. अम्म मख्लूफ दुपारी आला. तेरा दिवस गाडीत झोपला, दाढी वाढलीय. तुझं पाकीट त्याने शर्टाच्या आत ठेवलं होतं. "पोराने दोनदा सांगितलं होतं, लसआदच्याच हातात," म्हणाला. "काही महत्त्वाचं नाही ना? उशीर झाला."

मी चौदा तारखेचा तो मेल परत उघडला. विचारणा होती, त्याच्या खाली वेळ होती, आणि वेळेच्या खाली ठिकाण. ट्रापानी. बारीक अक्षरांत, पण होतं. मी ठिकाण वाचलंच नव्हतं. तुझं नाव वाचलं आणि दाबलं.

'नाही' म्हटलं की ते कन्सोल त्या अकाउंटला कायमचं बंद होतं. मी गिऱ्हाइकांना हे कौतुकाने सांगतो, बघा किती सुरक्षित आहे.

पासवर्ड जुना करून ठेवलाय. कंपनीला लिहिलं, आपोआप येणारं उत्तर आलं, आभार मानलेत. मामाचं नाव तू लिहिलं नाहीस. ट्रापानीत ज्यांचा भाचा दारफूरचा आहे असे किती असतील? ल्योंच्या मेव्हण्याला पाठवतोय शनिवारी. त्याला तिथली भाषासुद्धा येत नाही.

कोणीतरी त्या कन्सोलसमोर बसलं होतं. तीनदा पासवर्ड टाकला, बरोबर पासवर्ड, पाठ केलेला, आणि तीनदा मी दार लावून बसलेलो. तू होतास की तो होता? तू असलास तर तुला वाटलं असेल, लसआदने मला टाकलं. तो असला तर... दोन ओळी घेऊन आला होता, त्या घेऊन गेला.

मावशीला सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवलं, माझंही, 'नाही' दाबून हसलो ते धरून. वाटलं होतं ती माझ्या तोंडात मारेल. मारायला हवं होतं. तिने फक्त विचारलं, "त्या दिवशी मी जेवले, तोच ना?"

सकाळपासून ती दुकानात आहे. माझ्याशेजारी खुर्ची घेतलीय. यादी उघडून ठेवलीय, तुझं नाव राखाडी आहे. पोरं आत येऊन तिला बघून हळू बोलतात. मी चहा केला, तिने घेतला नाही. मग चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवलं, तुझ्या नावावर.

"हे हिरवं होणार?"

"हो, मावशी."

"आणि तो असेल तर खाली अक्षरं येणार."

"हो."

तिने बोट तिथेच ठेवलं.

"हिरवं झाल्यावर अक्षरं यायला किती वेळ लागतो?"

"नेट चांगलं असेल तर लगेच येतात."

"आणि चांगलं नसेल तर?"

मी म्हणालो, "मग वेळ लागतो."

"किती?"

लसआद